थोड्या फायद्याचं औषध

अल्झायमरवर औषध आहे का, असं विचारलं की आपल्याकडे दोनपैकी एक उत्तर मिळतं. 'वय झालं की व्हायचंच असं, औषध-बिषध काही नाही' हे पहिलं. 'ही गोळी रोज रात्री चालू ठेवा' हे दुसरं. पहिलं बहुधा नातेवाइकांकडून येतं, दुसरं दवाखान्यातून. पहिलं चूक आहे. दुसरं बरोबर असूनही अर्धवट आहे. ती गोळी काय करते, काय करत नाही, गुण किती दिवसांत दिसावा, न दिसल्यास काय करायचं, ती कधी थांबवायची, यातलं काहीच त्या एका वाक्यात येत नाही. प्रश्न सुचतात ते घरी पोचल्यावर, आणि तोवर डॉक्टरांसमोर पुढचा रुग्ण बसलेला असतो. हे पुस्तक त्या घरी सुचणाऱ्या प्रश्नांसाठी आहे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी आणि या आजाराच्या लक्षणांवर काम करणारी मुख्य औषधं चारच आहेत : डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलंटामिन आणि मेमँटिन. पहिली तीन एका कुळातली, चौथं वेगळं. यातलं एकही औषध रोग बरा करत नाही, मेंदूतल्या पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. उरलेल्या पेशींचं कामकाज ती काही काळ थोडं सुधारतात, एवढंच. पण आईला आणखी सहा महिने स्वतःचं स्वतः जेवता येणं किंवा वडिलांना घराच्या आवारात एकट्याने फिरून परत येता येणं, हे 'एवढंच' ज्या घरात घडतं तिथे ते लहान नसतं.

औषधशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. ज्या औषधाचा फायदा मोठा असतो, त्याच्या वापरात थोडा ढिसाळपणा झाला तरी बहुतेक वेळा निभावून जातं. ज्याचा फायदा थोडा, ते फार काटेकोरपणे वापरावं लागतं. अल्झायमरची औषधं या दुसऱ्या वर्गातली आहेत. मात्रा घाईने वाढवली, सोबतीला चुकीचं औषध पडलं, नाडी न तपासता गोळी सुरू केली, की तो थोडा फायदा बघता बघता नाहीसा होतो आणि हाती फक्त त्रास उरतो. हे पुस्तक याच काटेकोरपणाबद्दल आहे, म्हणून प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

या औषधांचा इतिहास आजाराच्या इतिहासापेक्षा बराच लहान आहे. 1901 साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर या 51 वर्षांच्या बाई दाखल झाल्या. आलोईस अल्झायमर या तरुण डॉक्टरांनी त्यांना रोज प्रश्न विचारले आणि उत्तरं टिपून ठेवली. स्वतःचं नाव लिहितानाही त्या मध्येच अडत. उपचार म्हणून तेव्हा कोमट पाण्याची अंघोळ आणि गुंगीची औषधं यापलीकडे काही नव्हतं. 1906 मध्ये त्या वारल्या. त्यांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अल्झायमर यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत पेशींबाहेरच्या साचलेल्या थरांचं आणि पेशींच्या आतल्या गुंत्यांचं वर्णन केलं. 1910 मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमर यांचं नाव दिलं, पण ते पन्नाशीतल्या माणसांना क्वचित होणारा आजार म्हणून. सत्तरीत येतो तो म्हातारचळ, त्यात औषध कसलं द्यायचं, ही समजूत पुढची सहा दशकं टिकली. 1976 मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात ठामपणे मांडलं की हे दोन्ही एकच आहे आणि हा फार मोठ्या संख्येने माणसं मारणारा रोग आहे. औषध शोधण्यासाठी आधी त्याला रोग म्हणावं लागतं. ते तेव्हा घडलं.

त्याच वर्षी एडिंबरामध्ये पीटर डेव्हिस आणि ए. जे. एफ. मॅलोनी यांनी दाखवलं की अल्झायमरने गेलेल्यांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन तयार करणारं विकर खूप कमी झालेलं असतं. ॲसिटिलकोलिन म्हणजे एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत नेणारं रसायन. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावरच्या प्रयोगातून अशा रासायनिक निरोपाचा पुरावा दिला होता आणि 1936 मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळालं होतं. स्मृतीशी या रसायनाचा संबंध किती जवळचा, हे मात्र एका वेगळ्याच प्रयोगाने समोर आणलं. 1974 मध्ये ड्रॅकमन आणि लेविट यांनी तरुण, निरोगी स्वयंसेवकांना स्कोपोलामिन दिलं आणि त्यांच्या स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. तरुणांचे निकाल वृद्धांसारखे आले. स्कोपोलामिन ॲसिटिलकोलिनचं काम अडवतं, आणि ते आपल्या धोतऱ्यातही असतं. धोतरा पोटात गेलेला माणूस बरळतो, त्याला भास होतात, त्याचं भान सुटतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यात ठाऊक असतं. त्या जुन्या माहितीमागचं रसायन आणि अल्झायमरच्या औषधांमागचं रसायन एकच आहे. धोतऱ्याचा हा मुद्दा वाचकाने लक्षात ठेवावा; पुढे औषधांच्या चिठ्ठीवर तो पुन्हा भेटणार आहे.

संशोधकांच्या डोळ्यांसमोर तेव्हा पार्किन्सनचं उदाहरण होतं. तिथे डोपामिन कमी पडतं हे कळलं आणि 1960 च्या दशकाच्या शेवटी लेव्होडोपाने खिळलेली माणसं उठून चालायला लागली. इथेही तसंच होईल अशी आशा होती. ॲसिटिलकोलिन बाहेरून मेंदूत पोचवणं जमलं नाही. मग दुसरी वाट धरली : टाकीत येणारं पाणीच कमी झालं असेल, तर निदान ते वाहून जाणारी मोरी अर्धी बुजवायची. ॲसिटिलकोलिनचा निरोप पोचला की एक विकर ते लगेच तोडून टाकतं. त्या विकराला रोखलं तर असलेलं रसायन जास्त वेळ टिकतं. चारपैकी तीन औषधं हेच करतात. त्यांच्या मर्यादेचं कारणही इथेच आहे. अल्झायमरमध्ये एकाच रसायनाच्या पेशी मरत नाहीत, अनेक जातींच्या पेशी मरतात आणि मरत राहतात. पाणी येणंच बंद झालं की मोरी बुजवून उपयोग राहत नाही.

या वाटेवरचं पहिलं औषध टॅक्रिन. 1940 च्या दशकात ऑस्ट्रेलियात बनवलेलं हे जुनं संयुग अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1993 मध्ये अल्झायमरसाठी मंजूर केलं. दिवसातून चार वेळा घ्यायचं, वरचेवर रक्त तपासायचं, आणि जवळपास निम्म्या रुग्णांत यकृताची विकरं वाढलेली आढळायची. ते आता वापरात नाही. पण अल्झायमरवर काही करता येतं, ही गोष्ट त्याने पहिल्यांदा कागदावर आणली.

डोनेपेझिलची गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते. जपानच्या एसाई कंपनीत हाचिरो सुगिमोतो हे रसायनतज्ज्ञ काम करत होते. त्यांच्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता आणि ती मुलाला ओळखेनाशी झाली होती. त्सुकुबाच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं संयुगं बनवून, तपासून, टाकून देत त्यांचा गट एका रेणूपाशी पोचला. तो यकृताला टॅक्रिनसारखा जाचत नव्हता आणि शरीरात इतका वेळ टिकत होता की दिवसाला एक गोळी पुरेशी ठरे. 1996 मध्ये अमेरिकेत आणि 1999 मध्ये खुद्द जपानमध्ये तो मंजूर झाला. आज आपल्याकडे अल्झायमरची चिठ्ठी बहुतेकदा याच औषधाने सुरू होते.

रिव्हास्टिग्मिन जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मार्टा वाइनस्टॉक-रोझिन यांच्या संशोधनातून आलं. त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या कलाबार नावाच्या विषारी बीतल्या द्रव्यात आहे. गॅलंटामिन बल्गेरियातून आलं. 'हिमथेंब' म्हणता येईल अशा, बर्फ वितळताना उमलणाऱ्या पांढऱ्या फुलाच्या कुळातून ते मिळालं. 1950 च्या दशकात दिमितार पास्कोव्ह यांनी त्याचं औषध केलं आणि पूर्व युरोपात ते पोलिओच्या रुग्णांना दिलं जाई. अमेरिकेत ते 2001 मध्ये 'रेमिनिल' नावाने आलं आणि तिथे एक गंभीर घोळ झाला. मधुमेहाच्या 'अमारिल' या गोळीशी नावाचं साम्य असल्याने चिठ्ठ्या वाचताना गफलती झाल्या, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरली, आणि 2005 मध्ये तिथे नाव बदलून 'रझाडिन' करावं लागलं. डॉक्टरांचं अक्षर आणि दुकानदाराची घाई यांचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

मेमँटिन या तिघांच्या कुळातलं नाही. ते 1960 च्या दशकात मधुमेहासाठी बनवलं गेलं, त्यासाठी निरुपयोगी ठरलं, आणि जर्मनीत मेंदूविकारांवर वापरलं जाऊ लागलं. ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाचा अतिरेकी मारा ते सौम्य करतं. अमेरिकेत 2003 मध्ये ते मध्यम आणि तीव्र अवस्थेतल्या अल्झायमरसाठी मंजूर झालं. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत त्याचा उपयोग दिसलेला नाही. तरी कित्येक चिठ्ठ्यांवर ते पहिल्याच भेटीत डोनेपेझिलसोबत एकाच गोळीत लिहिलेलं असतं. ही जोडगोळी सोयीची आहे हे मान्य. पण दोन्ही एकदम सुरू केली आणि चक्कर आली, तर ती कुणामुळे हे कसं कळणार? एक औषध, मग काही आठवडे निरीक्षण, मग दुसरं, हाच क्रम मला योग्य वाटतो.

आता मोजमापाकडे. स्मरण आणि आकलनाची एक प्रचलित चाचणी 70 गुणांची आहे. सहा महिन्यांच्या चाचण्यांत डोनेपेझिल घेणारे आणि नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्यातला सरासरी फरक अडीच-तीन गुणांचा येतो. सरासरी म्हणजे काहींना बरंच जास्त, काहींना शून्य. या अडीच-तीन गुणांचं करायचं काय, यावरून गेली पंचवीस वर्षं वाद चालू आहे, आणि त्यातून विचारांचे दोन मोठे गट तयार झाले आहेत.

एक गट सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवणाऱ्यांचा. ब्रिटनमध्ये औषधांचं मूल्यमापन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2001 मध्ये ही औषधं मान्य केली, 2006 मध्ये ती फक्त मध्यम अवस्थेपुरती ठेवली, आणि 2011 मध्ये सौम्य अवस्थेसाठी पुन्हा खुली केली. मधल्या काळात प्रकरण न्यायालयातही गेलं. फ्रान्सने 2018 मध्ये चारही औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणं बंद केलं. फायदा थोडा, त्रास खरा, त्यापेक्षा काळजी घेणाऱ्या माणसांवर पैसा खर्च करा, हा त्यांचा युक्तिवाद. तो उडवून लावण्यासारखा नाही.

दुसरा गट रोज रुग्ण पाहणाऱ्यांचा. त्यांच्या हातात ब्रिटनमधलाच एक पुरावा आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डॉमिनो' चाचणीत, आधीपासून डोनेपेझिल घेत असलेल्या मध्यम ते तीव्र अवस्थेतल्या 295 रुग्णांपैकी काहींची गोळी बंद केली, काहींची चालू ठेवली. वर्षभरात चालू ठेवलेल्यांची स्मृती आणि रोजची कामं बंद केलेल्यांपेक्षा बरी राहिली. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की गोळी बंद केलेल्यांना पहिल्या वर्षात शुश्रूषागृहात हलवावं लागण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. आजार वाढला, आता गोळी कशाला, असं म्हणून ती अचानक काढून घेण्याची सवय या निष्कर्षानंतर तरी सुटायला हवी.

माझं मत विचाराल तर मी दुसऱ्या गटाच्या जवळ आहे, पण पहिल्या गटाची एक अट मान्य करून : औषध सुरू करतानाच त्याच्याकडून नेमकं काय हवं ते ठरवायचं आणि तीन-सहा महिन्यांनी ते पाहायचं. 'स्मरणशक्ती सुधारावी' हे ध्येय कुणालाच मोजता येत नाही. 'आजोबा शर्टाची बटणं स्वतः लावतात का', 'आजी एकच प्रश्न तासात किती वेळा विचारते', 'नातवाचं नाव येतं का', हे घरातल्या माणसांना मोजता येतं आणि ते वहीत लिहून ठेवता येतं. चाचणीच्या गुणांपेक्षा घरातली ही वही मी जास्त विश्वासार्ह मानते.

गेल्या काही वर्षांत औषधांची आणखी एक वाट उघडली आहे आणि वर्तमानपत्रांत सगळ्यात जास्त गाजते ती तीच. 1984 मध्ये जॉर्ज ग्लेनर यांनी मेंदूत साचणाऱ्या थरांतलं प्रथिन वेगळं काढलं. 1992 मध्ये जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी हे अमायलॉइड नावाचं प्रथिनच सगळ्याची सुरुवात आहे असा सिद्धांत मांडला. त्या थरांना काढून टाकणारी प्रतिपिंडं हे या सिद्धांताचं फळ. ॲड्युकॅनुमॅबला 2021 मध्ये वादग्रस्त मंजुरी मिळाली आणि 2024 मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. लेकॅनेमॅबला 2023 मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळाली, डोनॅनेमॅबला 2024 मध्ये. ही औषधं लक्षणांवरची नाहीत. रोगाचा वेग कमी करणं हा त्यांचा दावा आहे. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत 1,795 रुग्ण होते आणि 18 महिन्यांनंतर 18 गुणांच्या मोजपट्टीवर फरक आला 0.45 चा. ती निदान सुरुवातीला शिरेतून द्यावी लागतात, मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो का हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो, आणि ती फक्त अगदी सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत. न्यू जर्सीतल्या मुलीने पुण्यातल्या आईसाठी फोनवर त्यांची चौकशी करावी, हे स्वाभाविक आहे. पण मध्यम अवस्थेतल्या त्या आईसाठी आजही खरा निर्णय चार जुन्या औषधांचाच आहे, म्हणून पुस्तकाने नव्या औषधांना मोजकी जागा दिली ते योग्यच झालं.

आपल्याकडे हा विषय आता टाळता येणार नाही. देशभरातल्या वृद्धांच्या 'लासी-डॅड' या अभ्यासाने 2023 मध्ये अंदाज दिला की साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे; 2036 पर्यंत हा आकडा 1 कोटी 69 लाखांवर जाईल. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा जास्त आहे, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे प्राध्यापक हत्तीमागे चालत निघून जातात, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या कित्येकांना आपल्याच घरातलं कुणीतरी दिसलं. त्या चित्रपटाने आजाराला मराठी घरात जागा दिली. औषधांबद्दलचं बोलणं मात्र अजून मेडिकल दुकानाच्या काउंटरवर, मागे रांग उभी असताना, दोन मिनिटांत उरकलं जातं.

गोळीच्याही आधी निदानाचं पाहायला हवं. विसरणारा प्रत्येक वृद्ध अल्झायमरचा नसतो. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, मेंदूत साचलेलं पाणी ही कारणं सुधारता येतात, आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास आढळते. लेवी बॉडी या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हीच औषधं बरेचदा चांगला गुण देतात, तर मेंदूच्या पुढच्या भागाच्या ऱ्हासात त्यांचा उपयोग होत नाही आणि चिडचिड वाढू शकते. वयोमानाच्या किंचित विसराळूपणात खबरदारी म्हणून गोळी घ्यावी का? 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, तीन वर्षांअखेर, डोनेपेझिलने अशा लोकांना अल्झायमरपासून वाचवल्याचं दिसलं नाही.

काटेकोरपणा म्हणजे काय, तो चिठ्ठीवर पाहू. सत्तरीच्या पुढच्या एखाद्या गृहस्थांची चिठ्ठी घ्या. रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल आधीपासून आहे. त्यात डोनेपेझिल आलं. दोन्ही औषधं नाडी मंद करतात. नाडी पन्नाशीखाली गेली, गृहस्थ न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. डोनेपेझिलने लघवी आवरेनाशी झाली, तर दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन लिहिलं. सर्दी झाली म्हणून दुकानातून क्लोरफेनिरामिन असलेली गोळी आणली. इथे धोतरा परत आला : ऑक्सिब्युटिनिन आणि क्लोरफेनिरामिन दोन्ही ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात, धोतऱ्यासारखीच, फक्त कमी प्रमाणात. म्हणजे एक औषध मेंदूत ॲसिटिलकोलिन टिकवून धरतंय आणि दोन औषधं त्याचं काम बंद पाडताहेत. गृहस्थ जास्त गोंधळतात, घरचे म्हणतात आजार वाढला, आणि डोनेपेझिलची मात्रा दुप्पट होते. अशा चिठ्ठ्या मी अनेक पाहिल्या आहेत. प्रत्येक औषध कुणीतरी चांगल्या हेतूनेच लिहिलेलं असतं. सगळी एकत्र मात्र कुणीच पाहिलेली नसतात.

मात्रेचंही तसंच. डोनेपेझिल 5 मिलिग्रॅमवर चार ते सहा आठवडे ठेवून मगच 10 करायचं असतं. घाई केली की मळमळ, जुलाब, भूक मरणं सुरू होतं आणि घरचे औषधच सोडून देतात. रात्री घेतल्यावर भयंकर स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून सकाळी घेता येतं. रिव्हास्टिग्मिनच्या गोळ्यांनी पोट बिघडत असेल तर त्याची पट्टी मिळते. ती पाठीवर वरच्या बाजूला लावली की रुग्णाचा हात पोचत नाही; रोज जागा बदलायची आणि नवी लावण्याआधी जुनी काढायचीच, कारण दोन-तीन पट्ट्या एकदम राहून जिवावर बेतल्याच्या घटना घडल्या आहेत. पट्टीवर बारीक पेनाने तारीख लिहिण्याची एक साधी सवय मी सगळ्यांना सांगते. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते. मेमँटिनची मात्रा मूत्रपिंडाच्या स्थितीप्रमाणे ठरते. आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोनेपेझिल चालू असल्याचं आधी सांगायलाच हवं. भुलेच्या वेळी स्नायू सैल करणाऱ्या काही औषधांचा परिणाम त्याने लांबतो.

रात्रीचं ओरडणं, संशय, मारायला धावणं यांचा प्रश्न सगळ्यात अवघड. तिथे बरीच घरं झोपेच्या किंवा मनोविकाराच्या औषधांकडे वळतात. मनोविकाराच्या नव्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला, 2008 मध्ये तो जुन्या औषधांनाही लावला. 2023 मध्ये ब्रेक्सपिप्राझोल अल्झायमरमधल्या अस्वस्थतेसाठी मंजूर झालं तेही त्याच इशाऱ्यासह. कधी कधी ही औषधं लागतात, हे मी नाकारत नाही. पण ओरडण्यामागे बद्धकोष्ठ आहे का, लघवीचा संसर्ग आहे का, दुखतंय का, ऐकू येतं का, हे आधी पाहिल्याशिवाय ती सुरू करणं हा अन्याय आहे.

ब्राह्मी, शंखपुष्पी, गिंको यांबद्दल प्रत्येक घरात प्रश्न येतो आणि त्याची टिंगल करण्याचं काहीही कारण नाही. गिंकोवर 3,000 हून अधिक वृद्धांची अमेरिकेतली मोठी चाचणी झाली. 2008 च्या निष्कर्षात स्मृतिभ्रंश टाळण्यात त्याचा उपयोग दिसला नाही. पिरासेटम आणि सिटिकोलिन आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर नेहमी दिसतात. अल्झायमरमध्ये त्यांचा पुरावा चार मुख्य औषधांच्या जवळपासही नाही. काही घ्यायचंच असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, एवढाच आग्रह.

या पुस्तकाचे लेखक तीन आहेत : एक मेंदूविकारतज्ज्ञ, एक फार्मसिस्ट आणि आईची वर्षानुवर्षं शुश्रूषा केलेली एक लेक. ही त्रयी मला फार योग्य वाटली. तज्ज्ञ एकटा लिहिता तर रसायनावर थांबता, लेक एकटी लिहिती तर अनुभवावर. इथे प्रत्येक औषधाबद्दल तिन्ही बाजूंनी विचारलं आहे : हे काय करतं, घरात ते कसं द्यायचं, आणि दिल्यावर माणसात काय बदललं. कुठली गोळी घ्या, हे पुस्तक सांगत नाही. डॉक्टरांशी बोलताना तुमच्या तोंडी योग्य प्रश्न यावेत, एवढीच त्याची धडपड आहे, आणि ती साधली आहे.

औषध थांबवण्याबद्दल मराठीत इतकं सरळ लिहिलेलं मी आजवर वाचलेलं नाही. रुग्ण अंथरुणाला खिळला आहे, गिळता येत नाही, कुणालाही ओळखत नाही, तेव्हा गोळी चालू ठेवायची का, हा प्रश्न घरातलं कुणीच उच्चारत नाही. बंद केली तर आपण सोडून दिलं असं वाटतं. हळूहळू मात्रा कमी करत, काही आठवडे लक्ष ठेवत, आणि बिघाड दिसला तर परत सुरू करण्याची तयारी ठेवत थांबवणं हाही उपचाराचाच भाग आहे, हे इथे शांतपणे सांगितलं आहे.

वाचकाला एकच विनंती. हे पुस्तक वाचून कुठलंही औषध स्वतःहून सुरू करू नका, बंद करू नका, मात्रा बदलू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं, सर्दीच्या गोळ्या, पाचक, काढे, चूर्णं, डोळ्यांचे थेंब, सगळं एका पिशवीत घालून न्या, शेजारी ती वही ठेवा, आणि पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करा.